डोक्यावरून डब्यात

मित्रांनो, मी एक जुना, बटणांचा मोबाइल आहे. पत्ता विचाराल तर लाखनीजवळचं एक तलावाकाठचं गाव, यशोदाबाईंचं स्वयंपाकघर आणि त्यातला तिखटाचा रिकामा डबा. इथे मी हौसेनं आलेलो नाही. मला कोंडलं आहे, आणि ज्या गुन्ह्यासाठी कोंडलं तो मी केलेलाच नाही.

कारखान्यातला माझा जन्म मला फारसा आठवत नाही. लाखनीच्या दुकानातून मंगरूनं मला उचललं तेव्हा माझं खरं आयुष्य सुरू झालं. मंगरू तलावात मासे धरणारा माणूस. छातीइतक्या पाण्यात उभं राहून जाळं टाकायचं, तर मोबाइल ठेवायचा कुठे? तो मला प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळायचा आणि डोक्याला बांधलेल्या दुपट्ट्यात, उजव्या कानावर, खोचून घ्यायचा. आमच्याकडे सगळे मासेमार असंच करतात. जाळ्यात रोहू लागली की तो पाण्यातूनच बाजारात फोन लावायचा, "गिऱ्हाईक थांबवून ठेव गा, आलोच." त्याच्या लेकीला, रंजूला, मुलगा झाला तेव्हा ती बातमीही माझ्यातूनच त्याच्या कानी पडली. आनंदाच्या भरात त्यानं हातातलं जाळं सोडून दिलं. "हा मोबाइल म्हणजे माहा जोडीदार होय," असं तो चारचौघांत सांगायचा. मला तर आभाळ ठेंगणं व्हायचं.

मग मंगरूचं डोकं दुखायला लागलं. सकाळी उठल्याबरोबर दुखायचं आणि उलटी व्हायची. एकदा तर तलावाच्या पाळीवरच, बांधावर, झटका आला, हातपाय ताठ झाले. गावातल्या डॉक्टरांनी झटक्याच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, "भंडाऱ्याला जाऊन डोक्याची तपासणी करून घ्या." सगळे निघणारही होते. एवढ्यात मंगरूचा धाकटा भाऊ लिलाधर माझ्याहून चौपट मोठा मोबाइल नाचवत आला. त्यावर त्यानं कुठला तरी व्हिडिओ लावला.

"वहिनी, तपासणी कायले पायजे? दादा दिवसभर मोबाइल डोक्यावर घेऊन राह्यते. त्याच्या लहरीनंच मेंदूत गाठ होते. हे पाय, यात सांगून राहिला."

मंगरूच्या बायकोनं, यशोदाबाईंनी, माझ्याकडे साप दिसल्यासारखं पाहिलं. मंगरू माझ्या बाजूनं एक तरी शब्द बोलेल, म्हणून मी वाट पाहिली. तो एवढंच म्हणाला, "ठेव बापा डब्यात. डोकं तं हलकं होईन."

ज्याच्या डोक्यावर मी ऊनपाऊस काढला, त्यानं एका व्हिडिओपायी मला वाऱ्यावर सोडलं. मित्रांनो, मला ते फार लागलं. अजूनही लागतं.

पुढे गोळ्यांनी झटके थांबले. गुण गोळ्यांचा, पण नाव झालं माझ्या कैदेचं. "मोबाइल काढला अन् दादा बरा झाला," असं लिलाधर गावभर सांगत सुटला, आणि तेही मोबाइलवरूनच. भंडाऱ्याला जाणं राहून गेलं. धानाची रोवणी झाली, कापणीही झाली. मंगरू सकाळी ओकायचा ते मला डब्यात ऐकू यायचं. मग तो भांड्यांना ठेचकाळू लागला. मग भर दुपारी विचारू लागला, "अंधारून आलं का वो?" बोंब मारावी असं फार वाटायचं, पण माझी बॅटरी कधीच संपली होती.

शेवटी रंजू माहेरी आली. बापाची दशा पाहून तिनं त्याला तडक नागपूरला नेलं. मेंदूत कर्करोगाची गाठ निघाली. ऑपरेशन झालं, पुढचे उपचार चालू आहेत. जीव वाचला. पण गाठीमुळे डोळ्यांच्या नसांवर फार दिवस दाब पडला होता, त्यामुळे नजर गेली ती गेलीच.

घरी आल्यावर रंजू आईला सांगत होती, "माय, मी डाक्टरीनबाईले सरळ इचारलं, मोबाइलनं झालं का म्हणून. त्या म्हणाल्या, तसं आजवर सिद्ध झालं नाई. हा रोग दुनियाभर होते. पैसेवाल्या देशांत जास्त सापडते, कारण तिथं तपासणीच्या मशिनी जास्त आहेत. वय वाढलं का धोका वाढते. लहानपणी डोक्याले किरणांचे उपचार झाले असन, नाई तं घराण्यातच काही दोष असन, तरी वाढते. पण बहुतेकाईले काहून होते, ते कोणालेच माहीत नाई."

"आपल्याले तं माहीत आहे," यशोदाबाई म्हणाल्या. "डोक्यावर मोबाइल होता."

"अवो माय, मोबाइल उजव्या कानावर राहे. गाठ तं डावीकडे होती."

यशोदाबाईंनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाल्या, "मंग आरपार गेलं असन."

रंजूनं कपाळाला हात लावला.

रंजू सासरी परत गेली, आणि काल मंगरू चाचपडत स्वयंपाकघराच्या दारात आला. "रंजूची माय, माहा जुना मोबाइल दे ना. त्याचे बटणं बोटाले समजतात. लेकीले फोन लावीन म्हणतो."

माझ्या डब्याच्या फळीला टेकून उभ्या असलेल्या यशोदाबाई म्हणाल्या, "तो तं कवाच फेकला."

मंगरू आला तसा भिंत धरून परत गेला.

मित्रांनो, माझ्यावर खुशाल संशय घ्या, मला लांब ठेवा. पण कोणाचं डोकं रोज सकाळी दुखत असेल, उलट्या होत असतील, झटका आला असेल, तर आधी त्या माणसाला तपासणीला न्या. गुन्हेगार मागाहून शोधा. मला डब्यात कोंडून ही माणसं निर्धास्त बसली, आणि त्याच महिन्यांत मंगरूचे डोळे गेले.