गाडीची आंघोळ

आमच्या पिकअपइतकी स्वच्छ गाडी अमरावतीच्या भाजीबाजारात दुसरी नाही, हे मी कोणी न विचारताच सांगत असे. नांदगाव पेठेजवळच्या शेतातून वांगी, मेथी, झेंडू भरून मी पहाटे निघायची, कधी पार अकोल्यापर्यंत जायची, आणि परत आले की गाडी अंगणात उभी करून लगेच धुवायची. बादली-फडक्याने नाही. संत्र्याच्या झाडांवर फवारायचा पंप लावून, विहिरीच्या गार पाण्याने, खाली वाकून पार गाडीच्या पोटापर्यंत.

"लेकराले बी एवढं कोनी धूत नाही," माझे सासरे खुशालराव म्हणायचे. मी ते कौतुक समजायची.

गाडीची किल्ली आपल्याकडे राहावी, एवढंच मला हवं होतं. नवरा कापडाच्या कारखान्यात पाळीला जातो, तेव्हा किल्ली धाकट्या दिराची, धर्मेंद्रची, असं सगळे धरून चालले होते. मी लायसन्स काढलं, घरात चार दिवस गाल फुगवून बसले आणि ती मिळवली. सासऱ्यांनी देताना बजावलं होतं, "ज्याच्या हातून गाडी बिघडन, त्याले पुन्हा किल्ली नाही."

दसऱ्याच्या थोडं आधी मागच्या चाकांमधून घूं घूं आवाज येऊ लागला. धर्मेंद्र नुकताच मित्राचं सामान पोचवायला गाडी घेऊन धारणीला जाऊन आला होता आणि वाटेत एक नदी ओलांडल्याचं त्याने स्वतःच रंगवून सांगितलं होतं. मला आणखी काय पाहिजे? मी सगळ्यांना अंगणात बोलावलं, मागच्या दोन चाकांमधल्या अ‍ॅक्सलखाली घमेलं ठेवलं आणि ऑइल सोडायचा बोल्ट काढला. काळपट ऑइल यायला हवं होतं. आलं ते दुधाच्या चहासारखं.

"पाणी गेलं आतमंधी," मी डॉक्टरिणीच्या थाटात म्हणाले. "धारणीच्या नदीचं."

"वैनी, पाणी अर्ध्या चाकालेही नव्हतं," धर्मेंद्र म्हणाला.

"मंग गाडी काय टपरीवर चहा पेऊन आली?"

सगळे हसले. धर्मेंद्र नाही हसला. सासऱ्यांनी त्याला गाडीला हात लावायला बंदी केली. मी नवं ऑइल भरलं आणि त्या आनंदात संध्याकाळी गाडी नेहमीपेक्षा जास्त वेळ धुतली.

दसऱ्याचा झेंडू विकून झाला. धर्मेंद्र एसटीने ये-जा करायचा, मित्र त्याला "नदीवाला" म्हणायचे. आणि दिवाळीच्या तोंडावर गाडी पुन्हा घूं घूं करू लागली.

दुपारी घरात सामसूम होती. मी गुपचूप बोल्ट सैल केला. पुन्हा चहा. माझ्या डोक्यात पहिला विचार काय यावा? हा पोरगा आपण झोपल्यावर गाडी नदीत घालून आणतो. नदी आमच्यापासून कुठल्या कुठे, आणि किल्ली माझ्या उशाखाली.

मग पोतं अंथरून गाडीखाली शिरले. दोन्ही चाकांकडची सीलं कोरडी होती, म्हणजे पाणी तिथून आत गेलेलं नव्हतं. अ‍ॅक्सलच्या वरच्या बाजूला एक बारीक नळी असते, त्याच्या श्वासासाठी. ऑइल तापलं की हवा तिथून बाहेर जाते, निवलं की आत ओढली जाते. नळीवर लोखंडी टोपी असते. आमच्या नळीवर ती नव्हती. तशीच एक टोपी मला उन्हाळ्यात अंगणात सापडली होती. कसलातरी भंगार तुकडा म्हणून मी ती खिडकीत सेफ्टीपिनांच्या डबीत टाकली होती.

म्हणजे टोपी माझ्याच पंपाने उडवली होती. पुढे रोज तापलेल्या अ‍ॅक्सलवर मी गार पाणी मारत होते, आणि तो बिचारा उघड्या नळीतून ते ओढून घेत होता. नदीचा काही संबंध नव्हता.

टोपी बसवून गप्प राहता आलं असतं, आणि तेच करायचं मी ठरवलंही होतं. मागची बाजू जॅकवर घेतली, आतलं पाणी धुऊन काढायला पातळ ऑइल घातलं आणि ते सगळीकडे फिरावं म्हणून चाक हाताने फिरवायला लागले. तेवढ्यात धर्मेंद्र आला. काही न विचारता पलीकडचं चाक फिरवायला बसला. ऑइल सोडायचं, नवं घालायचं, पुन्हा चाकं फिरवायची, असं रंग स्वच्छ येईपर्यंत चाललं. शेवटी त्याने हळूच विचारलं, "वैनी, या बखती कोनती नदी?"

मला फार लाज वाटली.

"आपल्या विहिरीची," मी म्हणाले. सगळं सांगितलं. मागे सासरे येऊन उभे होते हे मला नंतर दिसलं. मी कमरेची किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली. रडू येत होतं, पण ऑइलच्या हाताने डोळे पुसता येईनात.

सासऱ्यांनी किल्ली खिशात घातली आणि ते आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर फवारणीच्या पंपाचा पाइप होता. तो त्यांनी कोठीत टाकून वर कुलूप लावलं.

"गाडी बिघडवली या पंपानं," ते म्हणाले आणि किल्ली माझ्यापुढे धरली. "आता दोघं मिळून चालवा. धुवाले बादली हाये."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं झेंडू घेऊन बाजारात गेलो. चालवत मीच होते. गाडी चिखलाने बरबटलेली पाहून शेजारच्या भाजीवाल्या पार्बताबाईंनी विचारलं, "काहून वं, आज गाडी धुतली नाही?"

"धर्मेंद्रनं..." माझ्या तोंडून सवयीने निघालंच.

धर्मेंद्र शेजारीच उभा होता. मी जीभ चावली आणि पार्बताबाईंना विहिरीपासून सगळं सांगायला घेतलं.