रानकांद्याच्या जुड्या

गिरणीचा संप लांबत गेला, तसा महिपत जूनअखेर मुंबईहून गावी, कुडपणला परत आला. पंधरा वर्षं मागावर उभं राहिलेल्या माणसाला चिखलातलं काम जमेना आणि रिकामं बसवेना. त्याची बायको आवडी पावसाळाभर रानभाज्या काढून महाडच्या बाजारात विकायची.

"मी पण येतो," तो म्हणाला.

चार दिवस तो तिच्यामागून रानात हिंडला. फोडशी तिने दाखवली, गवतासारखी लांब पात, बुडाशी पांढरी. पाचव्या दिवशी आवडी भातलावणीला अडकली, म्हणून तो एकटाच गेला आणि दुपारी भलामोठा भारा घेऊन आला. तिन्हीसांजेला, कंबर मोडलेली असताना, आवडीने वरवर बघून जुड्या बांधल्या. सकाळी दोघं पोलादपूरला उतरली आणि एसटीने महाडला आली.

तीन जुड्या गेल्या. एक शेजारी फुलं विकणाऱ्या ठमाबाईने घेतली, एक समोरच्या दुकानातल्या मुरारी शिंप्याने, एक छत्री घेतलेल्या कुणा बाईने. तेवढ्यात आवडीचं लक्ष नवऱ्याच्या हाताकडे गेलं. तो बोटांच्या बेचक्यांत खसाखसा खाजवत होता.

"कधीपासून खाजतंय?"

"काल भाजी तोडली तवापासून."

"फोडशीनं नाय खाजत."

तिने एक जुडी सोडली. बारीक पातींत मधेच एक जाड, बुळबुळीत पात हाताला लागली. मोडल्यावर चिकट रस आला. दुसऱ्या जुडीतही तेच.

"अवो, हा रानकांदा हाय! पोटात गेला तर वकाऱ्या होतात. पोराबाळांच्या जिवावर बेतायचं."

ठमाबाईने आपली जुडी लगेच परत केली. मुरारीची मशीनशेजारी तशीच पडली होती. राहिली छत्रीवाली.

"एकच तर हाय," महिपत खालच्या आवाजात म्हणाला. "त्यांना कळंल की. टाकतील."

आवडीने ठमाबाईकडे वळून विचारलं, "ती बाय कोण गो?"

"नीलाबाई. शाळेत शिकवतात. चवदार तळ्यापलीकडं विचार, कोणीही घर दाखवील."

आवडी भर पावसात निघाली. महिपत क्षणभर थांबला, मग तिच्यामागे धावला.

घरातून लसणीच्या फोडणीचा वास येत होता. आवडी अंगणातूनच ओरडली, "बाई, भाजी खाऊ नका!"

नीलाबाई पळी हातात घेऊनच बाहेर आल्या. "अहो, ही आमटीची फोडणी आहे. भाजी सासूबाईंकडे आहे."

आत चंपाबाई सूप पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. सुपात दोन ढीग वेगळे केलेले.

"आमचं बालपण ह्याच भाज्यांवर गेलं," त्या म्हणाल्या. "हा रानकांदा कुणी तोडला गो?"

आवडी काही बोलायच्या आत महिपत पुढे झाला. "मी. हिचा काय दोष नाय."

"काय काम करतोस?"

"गिरणीत होतो. मागावर."

"मग सूत बोटांनी वळखत असशील. हिथं डोळ्यांनी कशाला बघतोस? मीट डोळे."

त्यांनी त्याच्या चिमटीत एकेक पात दिली. पहिल्यांदा तो चुकला. मग पातळ कुठली, जाड कुठली, बुळबुळीत कुठली, हे कळायला लागलं. दहा वेळा बरोबर सांगितल्याशिवाय त्यांनी डोळे उघडू दिले नाहीत. तोवर नीलाबाईंनी दोघांसाठी चहा टाकला होता. आवडीने पदराने तोंड पुसलं, आणि सकाळपासून पहिल्यांदा ती खाली टेकली.

परतीच्या एसटीत महिपत तिच्याकडे वळला.

"बाजारात मी बोललो ते, टाकतील म्हणून..." तो म्हणाला.

"कळलं," आवडी म्हणाली. "माझंबी चुकलं. नीट बघाया पायजे होतं."

गिरणीतून त्याला परत बोलावणं आलं नाही. पुढच्या पावसाळ्यात आवडी लावणी सांभाळायची आणि महिपत एकटा महाडला भाजी न्यायचा. पुरुष माणूस डोक्यावर भाजीची पाटी घेऊन जातो म्हणून वाडीतल्या बायका आधी हसल्या. श्रावण लागेपर्यंत त्यांतल्या दोघी आपली भारंगीची भाजीही त्याच्याच पाटीत द्यायला लागल्या होत्या.