सगळ्यांत शांत डबा

मौनासारखं दुसरं साधन नाही, असं थोर लोक सांगून गेले आहेत. मोंटानातल्या कार्टर्स फोर्क या गावी हे मौन लिंडन रॅशच्या दुकानात मिळतं. सहा इंचांपासून नऊ इंचांपर्यंत, काळ्या नाहीतर मातकट रंगात, आणि एकदा विकलं की परत घेतलं जात नाही.

रायफलच्या नळीच्या टोकाला फिरवून बसवायचा तो सायलेन्सर. गावात त्याला सगळे डबाच म्हणतात. डबा घ्यायचा तर सरकारला बोटांचे ठसे आणि फोटो धाडून मंजुरीची वाट बघावी लागते. तोवर डबा दुकानातच कुलपात बसतो आणि डब्याचे मालक शनिवारी त्याला भेटायला येतात, तुरुंगातल्या मेव्हण्याला भेटायला जावं तसे. तेव्हा डबा आधीच नीट पारखून घेतलेला बरा.

ऑर्व्हल ट्वेट एकसष्टाव्या वर्षी डबा बघायला आला तो काही हौसेनं नाही. बापाच्या रायफलीनं चाळीस हंगाम एल्क हरणांच्या मागे हिंडून त्याचा डावा कान केव्हाच निकामी झाला होता. उरला होता उजवा. "आहे तेवढा जपा," बिलिंग्सच्या कानाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "रायफलीला डबा बसवा, आणि डबा असला तरी कानावर झाकणं घाला." शिकारच सोडा, असं काही त्यांना सुचलं नाही. त्याही मोंटानातच वाढलेल्या.

इकडे त्याच्या बायकोची, मार्लिसची, नजर उतरत चालली होती. तिनं हाक मारायची आणि त्यानं धावायचं, अशा रीतीनं दोघांचं बरं चाललं होतं. फेब्रुवारीत ती गोठ्यामागे बर्फावर घसरून पडली. पारा इतका उतरला होता की तासाभरात माणसाचं लाकूड व्हावं. तिची हाक त्याच्या उजव्या कानानं ऐकली, म्हणून मार्लिस अजून होती. सकाळी निघताना ती म्हणाली, "चांगला शांत बघून घे. दिसायला कसाही असू दे, मला कुठे दिसणार आहे!"

दुकानामागे टेकडीच्या पोटाशी निशाणाचं मैदान होतं. एक लाकडी बाक, समोर दोनशे पावलांवर लोखंडी ताट, शेजारी झेंड्याचा खांब. वाऱ्यानं दोरी खांबावर टणटण आपटत होती. कुंपणापलीकडे गाई चरत होत्या. बाकामागच्या खुर्चीत वेंडेल क्रोग कॉफी घेऊन बसला होता. रस्ते सपाट करणारा ग्रेडर चालवून निवृत्त झालेला हा गृहस्थ अकरा वर्षं रोज दुकानात येत होता. विकत त्यानं अजून काही घेतलं नव्हतं.

लिंडननं पहिला डबा चढवला. ऑर्व्हलनं कानावर झाकणं ओढली.

"हे काय रे?" वेंडेल म्हणाला. "झाकणं घालून डबा ऐकतोस? आता नाक दाबून कॉफीचा वास घे!"

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या..."

"अरे, बाईंनी डबा विकलाय का कधी?"

लिंडन ओशाळवाणा हसला. "तसं त्याचं बरोबर आहे, ऑर्व्हल. झाकणाखालून सगळे डबे सारखेच लागतात. मग घरी जाऊन म्हणशील, दुसरा दे. आणि परत तर मी घेत नाही."

कार्टर्स फोर्कची रीतच होती ती. डबा उघड्या कानानं ऐकायचा. आजवर ज्यांनी ज्यांनी तसा ऐकला, त्यांची डब्याबद्दल एकही तक्रार आली नव्हती.

ऑर्व्हलनं झाकणं काढून बाकावर ठेवली.

पहिला डबा फाटकन वाजला. कानात बारीक शीळ उठली. "आवाज मोठा आहे," तो म्हणाला. लिंडननं दुसरा चढवला. हा खरंच मऊ होता. गोळी सुटल्यावर गवतातला वारासुद्धा जरा दबल्यासारखा वाटला.

तिसऱ्या डब्याला ऑर्व्हलच्या लक्षात आलं की दोरी गप्प झाली आहे. त्यानं वर पाहिलं. झेंडा फडफडत होता, दोरी खांबावर आपटतही होती. आवाज मात्र येत नव्हता. त्याच्या मानेवरचे केस उभे राहिले. असा डबा त्यानं जन्मात पाहिला नव्हता. गोळीचा आवाज तर गिळलाच, आजूबाजूचाही गिळत होता.

"याच्याहून शांत आहे का?" त्यानं विचारलं. स्वतःचा आवाज त्याला विहिरीच्या तळातून आल्यासारखा वाटला.

चौथ्याला गाईंनी एकदम माना वर केल्या आणि सगळ्या मिळून त्याच्याकडे बघत राहिल्या. एकीनं तोंड उघडलं, मान ताणली, पुन्हा तोंड मिटलं. त्यातून काहीच बाहेर आलं नाही. वेंडेलचंही तोंड हलत होतं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच तो त्रास न देता बोलत होता.

पाचव्याला कानातली शीळही थांबली.

आता सगळं मैदान काचेमागे ठेवल्यासारखं झालं. एक टोळ बाकावर येऊन आदळला, तडफडला आणि उडून गेला, कापसाचा असावा तसा. ऑर्व्हलनं बाकावर बोटानं टकटक केली. बोटाला लाकूड लागलं, तेवढंच. त्याला भीती वाटली, आणि भीतीइतकाच आनंदही झाला. इतकी शांतता घेऊन घरी गेलं तर उजवा कान मरेपर्यंत पुरेल. मार्लिसनं गोठ्यामागून नुसता उसासा टाकला तरी ऐकू येईल.

लिंडन नळीच्या टोकाशी वाकला, तिथं काहीतरी फिरवलं, वळून त्याच्याकडे बघत दोन-चार वाक्यं बोलला, हाताचा पंजा दाखवला आणि दुकानाकडे गेला. ऑर्व्हलनं मान डोलावली. सहावा. त्यानं दुर्बिणीला डोळा लावला, श्वास सोडला आणि चाप ओढला.

खांद्याला मात्र दणका बसला, आधीच्या पाचांहून जोराचा. समोरची धूळ उडाली. ताट हललं. कुंपणावरचे मॅगपाय पक्षी एकदम उठले आणि पंखांचा जरासाही आवाज न करता टेकडीपलीकडे गेले. गाई शेपट्या उभारून पळत सुटल्या, जमिनीला खूर लागतच नसल्यासारख्या. बाकी जगात काहीही झालं नाही. कुठे फट् नाही, कुठे प्रतिध्वनी नाही. ऑर्व्हलच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हाच!" तो मागे वळून म्हणाला. "हाच घेतो मी. कागद काढ, लिंडन. काय नाव याचं?"

वेंडेल दोन्ही हातांनी कान दाबून खुर्चीतून अर्धवट उठला होता, आणि कॉफी त्याच्या पँटवर होती. दुकानाच्या मागच्या दारात लिंडन उभा होता. सहावा डबा त्याच्या हातात होता, अजून खोक्यातून काढायचा होता.