कोरीटला सांगायचं नाही

"ते कापड परत घेऊन या, नर्सबाई. आणि कोरीटमध्ये एक शब्दही सांगायचा नाही."

आरोग्य खात्याच्या साहेबांनी हलीमाला बजावलं. त्रेसष्ट सालच्या त्या प्रयोगासाठी त्यांनी गावांच्या जोड्या लावल्या होत्या. कळसाडी आणि कोरीट ही एक जोडी. घरं सारखी, पायऱ्यांच्या विहिरी सारख्या, न गाळलेल्या पाण्यातून अंगात शिरणाऱ्या नारूच्या किड्याचे रोगीही सारखे. मग चिठ्ठी टाकली. कळसाडीला कापडं वाटायची, पाणी गाळून प्यायला शिकवायचं. कोरीटमध्ये वर्षभर नुसते नारू मोजायचे. शिकवल्याने माणसं बदलतात का, ते त्यातून कळणार होतं.

पण माणसं काही चिठ्ठी बघून सोयरीक करत नाहीत. कळसाडीच्या जसोदाबाईची रंजना लग्न होऊन कोरीटला गेली आणि आंदणात गाळायचं कापडही घेऊन गेली. दोन महिन्यांत शेजारच्या दोन घरांतल्या बायका ते मागून नेऊ लागल्या. साहेबांनी साधलेला दोन गावांचा समतोल बिघडला. हलीमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सहा वर्षं घसा कोरडा करून तिला जे जमलं नव्हतं, ते एका नव्या नवरीने केलं, आणि आता हलीमानेच ते कापड हिसकावून आणायचं.

हलीमा कोरीटला पोचली तेव्हा रंजनाची सासू दगूबाई ओट्यावर खाटेत पडून होती. घोट्यातून निघालेला नारू काडीला गुंडाळलेला. रोज बोटभर ओढायचा. तुटला तर पाय नासायचा. पेरणी तोंडावर आली होती.

रंजनाने कापडाची घडी पुढे ठेवली. "लई जा, बाई. पन सासूना पाय देखी ल्या. ह्या गावनी काय चूक शे?"

"माले बोलानी बंदी शे." हलीमाने पिशवी उघडली. "तहान लागनी. पानी दे."

मुसलमान बाईला आपलं भांडं द्यायचा संकोच कुणाला नको, वरून पाणी ओतता यावं म्हणून ती स्वतःचा पेला पिशवीत बाळगायची. त्या पेल्यावर तिने पांढऱ्या साडीचा पदर दुहेरी धरला. रंजना ओतत राहिली. विहिरीवरून येणाऱ्या बायका डोक्यावरच्या घागरींसकट थांबल्या. हलीमा सगळ्यांदेखत घटाघटा पाणी प्याली आणि एक शब्दही बोलली नाही.

दगूबाई खाटेवरून सुनेला म्हणाली, "मन्हं जुनं लुगडं काढ."

संध्याकाळी हलीमाने कापड साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

"काही सांगितलं नाहीत ना?"

"नाही."

साहेबांनी समाधानाने मान हलवली. हलीमाच्या पांढऱ्या पदरावर गाळाचा तपकिरी डाग वाळला होता. तिने तो झाकला नाही.