फोरमनबाईंचं नवं इंजिन

फोरमनबाईंना कोणी "आता जरा आराम करा" म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठी पडायची. बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं त्यांनी हातात पाना धरला होता आणि त्यातली शेवटची नऊ वर्षं चाळीस पुरुषांना कामाला लावलं होतं. निवृत्त झाल्यावर माणसं घर बांधतात. बाईंनी डेपोच्या लिलावातली एक जुनी बस घेतली आणि तिचंच घर केलं. मागच्या बाकांच्या जागी पलंग, कंडक्टरच्या सीटपाशी शेगडी, टपावर पाण्याची टाकी, खिडक्यांना निळे पडदे. दोन वर्षं त्या मनाला येईल तिकडे हिंडल्या. मग इंजिन जाम झालं, आणि बस ओढून आणून धाकट्या भावाच्या मोकळ्या प्लॉटवर उभी केली, ती पाच वर्षं तिथेच.

आता भावाने प्लॉट विकला होता.

भाऊ वाईट नव्हता, हीच तर अडचण होती. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. तो आला, पायरीवर बसला आणि म्हणाला, "ताई, पुष्कळ झालं आता. आमची मागची खोली तुझीच आहे. रविवारी बाराला क्रेन येईल, बस भंगारात जाईल."

मागची खोली बाईंना चांगली ठाऊक होती. पाय मोडला तेव्हा तिथे तीन महिने काढले होते. कोणी वावगा शब्द बोललं नाही. भावजय ताट हातात आणून द्यायची. बाई खोकल्या की बाहेर टीव्हीचा आवाज लहान व्हायचा. तो लहान झालेला आवाज बाईंना सोसत नसे. आपल्यापायी अख्खं घर दबक्या आवाजात वागतंय म्हणजे आपण एकतर पाहुणे नाहीतर पेशंट, आणि बाईंना दोन्ही व्हायचं नव्हतं.

"बस भंगार नाहीये. इंजिन भंगार आहे. ते बदलीन," बाई म्हणाल्या.

"या वयात?"

"कुणाच्या वयात? माझ्या का बसच्या?"

"ताई, चेष्टा नको."

"बरं, चेष्टा नको. रविवारी बाराच्या आत ही बस स्वतःच्या इंजिनावर या फाटकाबाहेर गेली तर मी तिच्यातच राहणार, आणि तू पुन्हा खोलीचं नाव काढायचं नाहीस. नाही गेली, तर माझी ट्रंक उचलून मी मुकाट्याने तुझ्याकडे येईन. बोल, कबूल?"

ताईने शब्द दिला की ती मोडत नाही, हे भावाला लहानपणापासून माहीत होतं. त्याने लगेच कबूल केलं. क्रेन मात्र रद्द केली नाही.

बाईंच्या हाताखाली आठ वर्षं शिकलेला एक मेकॅनिक होता. त्याच्या तोंडाचा पट्टा झोपेतही थांबत नसे, म्हणून डेपोत त्याचं नाव मौनी पडलं होतं. आता हायवेच्या कडेला त्याचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज होतं आणि गॅरेजमागे बस उभी करण्याइतकी जागा होती. अपघातात केबिन चेपलेल्या एका ट्रकचं इंजिनही त्याच्याकडे पडून होतं. "बाई, दहाच वर्षांचं आहे! तुमच्या बसपुढे दूधपितं पोर! डिझेल कमी खातं, धूर कमी, आवाज तर असा की शेजारी झोपावं!"

बाई हुरळणाऱ्यातल्या नव्हत्या. ही बस जगावेगळी होती. इंजिन मागच्या टोकाला, आणि ते फिरायचंही इतर इंजिनांच्या उलट, डावीकडे. दिशा जुळली नाही तर सगळंच मुसळ केरात. म्हणून त्यांनी मौनीला ते इंजिन गॅरेजमध्येच सुरू करायला लावलं. ते लोखंडी घोडीवर होतं, पंख्याची बाजू भिंतीकडे, आणि दुसऱ्या टोकाचं जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, यांच्याकडे. फ्लायव्हील गरगरलं. बाईंनी चष्मा पुसून नीट पाहिलं.

"डावीकडे फिरतंय. आपल्या जुन्यासारखंच," त्या म्हणाल्या आणि खडूने बाण काढला.

मग इंजिन प्लॉटवर आणून सहा दिवस दोघांनी रक्ताचं पाणी केलं. जुनं इंजिन चेनकप्पीला टांगून बाहेर काढलं. नवं आखूड निघालं, म्हणून त्याच्या पायांसाठी नवे ब्रॅकेट वेल्ड केले. गिअरबॉक्सशी जोडायला मध्ये जाड लोखंडी पट्टा लागला. तो टर्नरकडून करून आणला, तर दोन भोकं एका सुताने हुकलेली. बाईंनी टर्नरला अशा काही शब्दांत समजावलं की त्याने चहाही न पिता तो पुन्हा करून दिला. क्लच बसवला, रेडिएटर बसवला, डिझेलच्या नळीतली हवा काढली. बाईंच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता. बाईंनी तो मोडून काढला.

रविवारी सव्वाअकराला बाईंनी चावी फिरवली. दोनदा नुसतीच घरघर झाली. तिसऱ्यांदा इंजिन पेटलं आणि असं एकसुरी चालायला लागलं की मौनीच्या डोळ्यांत पाणी आलं. फाटकापाशी उभ्या असलेल्या भावाचा चेहरा पडला. क्रेनवाला लवकरच येऊन बसला होता, त्याने केबिनमधून मान बाहेर काढली.

बसचं तोंड फाटकाकडे होतं. मागे चार हातांवर कुंपणाची भिंत होती. बाईंनी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि बस दिमाखात मागे गेली. भिंतीवर धाडकन आपटली. आत शेगडीजवळची सगळी भांडी खाली आली.

"बाई, रिव्हर्स पडला!" मौनी ओरडला.

बाईंनी दुसरा टाकून पाहिला. बस भिंतीलाच रेटायला लागली. बाईंनी गिअर काढला, खाली उतरल्या, मागचं झाकण उचललं आणि धडधडणाऱ्या इंजिनाच्या पंख्याकडे बघत राहिल्या. पंखा उजवीकडे फिरत होता.

घड्याळ पाठीमागून पाहिलं तर काटे उलटेच फिरताना दिसतात. जुनं इंजिन बाईंनी जन्मभर इथून, पंख्याच्या बाजूने पाहिलं होतं. नवं पाहिलं ते फ्लायव्हीलच्या बाजूने. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या अशा चुका पकडल्या आणि स्वतः मात्र खडूने बाण काढून मोकळ्या झाल्या! त्यांना लाज वाटली. इतकी, की घटकाभर मौनीकडे बघवेना.

"चूक माझी आहे. दिशा उलटी आहे. पुढचे सगळे गिअर हिला मागेच नेणार," त्या मोठ्याने म्हणाल्या.

मौनी आयुष्यात पहिल्यांदा गप्प झाला. मग चाचरत म्हणाला, "मागच्या चाकांमधला गिअरचा गोळा उतरवून उलटा बसवला, की चाकं सरळ फिरतील बाई. पण दोन दिवस..."

बाराला वीस मिनिटं होती. क्रेनवाल्याने साखळी सोडायला घेतली. भाऊ जवळ आला आणि अगदी हळू, आजाऱ्याशी बोलावं तसं म्हणाला, "ताई, जाऊ दे. तू केलेस ना प्रयत्न. चल, आपण घरी जाऊ."

त्याने आवाज लहान केला होता. बाईंच्या डोक्यात तिडीक गेली.

"मौनी," त्या भावाकडेच बघत म्हणाल्या, "पुढचे पाच गिअर मागे नेतात. मग मागचा कुठे नेईल?"

मौनीने आ वासला. "बाई, अहो रिव्हर्समध्ये? गॅरेज चार किलोमीटर आहे! आणि फाटकापुढे चढ!"

"चढाला रिव्हर्सइतका जोर दुसऱ्या कुठल्या गिअरला असतो? शिकवलं होतं की नाही तुला?"

बाई चढून बसल्या. रिव्हर्स टाकला. बस थरथरली आणि पुढे निघाली. गिअरबॉक्स पिठाच्या गिरणीसारखा ओरडत होता. चढाला इंजिनाचा आवाज जड झाला, पण ते दबलं नाही. क्रेनवाल्याला आपली क्रेन बाजूला घ्यावी लागली. बाराला सात मिनिटं असताना मागची चाकं फाटकाबाहेर आली.

"हे काय चालणं झालं?" भाऊ बाजूने चालत ओरडत होता. बसचा वेग त्याच्याइतकाच होता. "रिव्हर्समध्ये?"

"इंजिन ठरलं होतं. गिअर कुठला ते तू विचारलंस?"

रस्त्यावर पोहोचल्यावर मौनीला सुचलं. तो मोटरसायकलवरून खिडकीपाशी आला. "बाई, बस वळवून घ्या, मी मागून दिशा सांगतो. उलट्या गेलात तर पाच गिअर आहेत, दहा मिनिटांत पोचू!"

"मी पाठ करून जाणार नाही," बाई म्हणाल्या. "तू पुढे हो, गोळा उतरवायचे पाने काढून ठेव."

मागे गाड्यांची रांग लागली. हॉर्न वाजत होते. दुकानांतून माणसं बाहेर येऊन बघत होती, काही हसत होती.

"ताई, लोक हसतायत."

"हसू देत. फुकट आहे."

"अगं, जरा थांब तरी!"

"थांबणार नाही. यायचं तर चालत्या गाडीत चढ."

भाऊ आणखी शंभरेक पावलं तसाच चालला. त्याला धाप लागली होती. मग त्याने दाराची दांडी धरली आणि वर चढला. खाली पडलेली पातेली ओलांडत तो आत आला, निळ्या पडद्यांकडे, नीट घडी घातलेल्या पांघरुणाकडे पाहिलं आणि ताईच्या मागच्या बाकावर बसला. पायाशी घरंगळत आलेलं पातेलं उचलून त्याने मांडीवर धरलं.

"मागची खोली रंगवून घेतली होती गं," तो शेवटी म्हणाला. "तुझ्यासाठी."

बाईंना गलबलून आलं. स्टिअरिंगवरचे हात त्यांनी घट्ट केले आणि रस्त्यावरची नजर काढली नाही.

"भाड्याने दे," त्या म्हणाल्या.