पुंगळीवरचं कडं

खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून मला पूर्ण भाराचं काडतूस सोसत नव्हतं. एक धक्का बसला की दोन दिवस हात वर होत नसे. पण नेमबाजीचा नाद चाळीस वर्षांचा, तो डॉक्टरच्या सांगण्यानं थोडाच सुटतो! म्हणून मी हलकी, कमी दारूची काडतुसं भरायला लागलो. आमच्या मोंटानात घरच्या घरी काडतुसं भरणारे एकेका गावात वीस तरी निघतील.

माझी रायफल वडिलांची, एका वेळी एकच गोळी घेणारी. तिची पितळी पुंगळी बोटभर लांब. तिच्यात थोडीच दारू घातली तर ती आत लोळत राहते आणि कधी नीट पेटते, कधी नाही. म्हणून दारूवर सावरीच्या कापसाचा बोळा घालायचा आणि वर शिशाची गोळी. कापूस मी होडीतल्या एका फाटक्या तरंगत्या जाकिटातून काढला होता.

दर रविवारी मी आणि वेंडेल स्ट्राउड खडीच्या खाणीत जाऊन पत्र्याच्या थाळ्यांवर गोळ्या झाडायचो. वेंडेल रेल्वेतला निवृत्त फिटर. माझी रायफल विकत मागून मागून तो थकला होता. "ऑरिन, तू मेल्यावर तरी देशील का रे?" असं विचारायचा, आणि मी म्हणायचो, "तू आधी मरशील."

जूनमध्ये एका रविवारी घरी येऊन पाहिलं तर विसांतली एक रिकामी पुंगळी कमी. म्हटलं, गवतात पडली असेल. पुढच्या रविवारी परत एक कमी. तिसऱ्या रविवारी मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत राहिलो. वेंडेल वाकला, बुटाची नाडी बांधल्यासारखं केलं आणि काहीतरी खिशात टाकलं. त्याच्या बुटाला नाडीच नव्हती.

मी बोललो नाही. माणूस एकदा संशयाला लागला की बोलत नाही, मोजत बसतो.

मग घरात फोन यायला लागले. मी स्वयंपाकघरात शिरलो की माझी बायको इडेला म्हणायची, "बरं, ठेवते हं," आणि फोन ठेवायची.

"कोण होतं?"

"चर्चमधलं. केक कोण करणार ते विचारत होते."

एका आठवड्यात तीन वेळा केक! चौथ्या वेळी मी बाहेरच्या खोलीतला जोडफोन हळूच उचलला, तर वेंडेलचा आवाज. "त्याला कळता कामा नये, इडेला," तो म्हणत होता. मी पासष्ट वर्षांचा, ती बासष्टची आणि वेंडेलला तर गुडघे धड वाकवता येत नाहीत. तरी मनात नाही नाही ते आलं. खोटं कशाला सांगू?

ऑगस्टमध्ये रायफल अडायला लागली. गोळी सुटली की रिकामी पुंगळी बाहेर येईना, सळईनं आतून ठोकून काढावी लागे. घरी फडकं गुंडाळलेली काडी नळीत फिरवली, तर पुंगळीचं तोंड येतं तिथे काहीतरी बोटाला जाणवलं. विजेरी लावून बघितलं. आत गोल चमकदार कडं पडलं होतं, नळी तिथे फुगली होती.

मग सगळं जुळलं. वेंडेल माझ्या माघारी रायफल नेतो, आपली जबर भाराची काडतुसं तिच्यातून झाडतो आणि ती खराब करतो. खराब झाली की भंगाराच्या भावात मागेल. आणि रायफलच्या कपाटाची किल्ली देते माझी बायको. त्या दिवशी मी कपाटाच्या दाराला शिवणकामातला काळा दोरा चिकटवला. बुधवारी दोरा शाबूत होता. गुरुवारी मी न्हाव्याकडून परत आलो तर तुटलेला, आणि कपाटात रायफल नाही.

"इडेला!"

"ओरडू नकोस. प्रुइटच्या दुकानात आहे."

प्रुइट आमचा बंदूकदुरुस्तीवाला. मी टोपीसुद्धा न घालता गाडी काढली. त्याच्या दारात वेंडेलचा निळा ट्रक उभा. आत दोघं माझ्या रायफलवर वाकलेले.

"सापडलास!" मी म्हणालो. "तीस वर्षं माझ्या घरची कॉफी पितोस, आणि चोऱ्या करतोस?"

वेंडेलनं मान वर केली. तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता दमल्यासारखा दिसला.

"दाखव त्याला," तो प्रुइटला म्हणाला.

प्रुइटनं पांढऱ्या फडक्यावर नऊ पुंगळ्या उभ्या केल्या आणि माझ्या हातात भिंग दिलं. पहिलीवर काही नव्हतं. तिसरीवर तोंडाजवळ अंधुक रेघ. नववीवर उठून आलेलं कडं, अंगठीसारखं.

"या माझ्या?"

"तुझ्या. जूनपासूनच्या," वेंडेल म्हणाला. "हिच्यातून मी एकही गोळी झाडलेली नाही."

प्रुइट म्हणाला, "ऑरिन, कापूस कसा घालतोस?"

"बोळा करतो. पेन्सिलीनं दाबून दारूवर घट्ट बसवतो."

"आणि गोळी वर. मध्ये?"

मध्ये काय असणार? मोकळी जागा.

"दारू पेटली की तो दाबलेला बोळा दणकन वर जातो आणि गोळीच्या बुडावर आदळतो," प्रुइट म्हणाला. "प्रत्येक वेळी त्याच जागी. शेवटी पोलाद फुगतं. कापूस सैल पसरून सगळी जागा भरणारे लोक आहेत, ते त्यांचं ते जाणोत. मी तर म्हणतो, त्या फंदातच पडू नका."

"एप्रिलमध्ये सांगितलं होतं मी," वेंडेल म्हणाला. "तू म्हणालास, रेल्वेवाल्यानं बंदुकीतलं शिकवू नये."

म्हणालो होतो खरं. सगळ्यांसमोर, हसत.

"मग सरळ माझ्यासमोर पुंगळ्या का नाही ठेवल्यास?"

"एक पुंगळी दाखवली असती तर म्हणाला असतास, गवतातली आहे. मला अख्खी रांग लावून दाखवायची होती, आणि रायफल प्रुइटला दाखवायची म्हणून इडेलाच्या मागे लागलो होतो. पण मी फार थांबलो, ते माझं चुकलं. दर रविवारी तू चाप ओढलास की माझे डोळे मिटायचे."

घरी आलो. कोठारात बसून भरलेली काडतुसं एकेक उघडली. त्रेचाळीस होती. प्रत्येकात बोळा चपटा झालेला, नाण्यासारखा, दारूला चिकटलेला. वर रिकामी जागा. सगळी माझ्याच हातची.

संध्याकाळी जेवताना इडेलाला म्हणालो, "मला वाटलं होतं, तुझं आणि वेंडेलचं काहीतरी आहे."

ती आधी हसली. मग हसायची थांबली. "किती दिवस वाटत होतं?"

"महिनाभर."

"आणि महिनाभर माझ्या हातचं जेवत होतास," ती म्हणाली आणि ताट उचलून आत गेली. वेंडेलचं सोडा, पण ते वाक्य मला अजून टोचतं.

दुसऱ्या दिवशी वेंडेलकडे गेलो. तो अंगणात लाकडं फोडत होता. मी माफी मागितली. कुऱ्हाड न थांबवता तो म्हणाला, "चोर म्हणालास, ते प्रुइटसमोर म्हणालास."

"त्याच्यासमोर परत येऊन सांगतो."

"सांग."

सांगितलं. प्रुइट खिडकीबाहेर बघत राहिला. रायफलची नळी दुरुस्त होण्यापलीकडे गेली होती, ती मी त्याच्याकडेच ठेवली.

वेंडेल तो हिवाळाभर खाणीत आला नाही. मार्चमध्ये एका रविवारी त्याचा ट्रक आला. मी बाजारातलं तयार हलकं काडतूस घालून छोटी पॉइंट टू-टूची बंदूक चालवत होतो. तो उतरला, माझ्या शेजारी उभा राहिला आणि थाळ्यांकडे बघत म्हणाला, "डावीकडे जातेय तुझी."

"वारा आहे," मी म्हणालो.

"वारा नाही," तो म्हणाला, आणि मी या वेळी ऐकलं.