आधी अर्थ लावा

मित्रांनो, मी एक जुनी मोटरसायकल आहे. जुनी म्हटलं की लोक लगेच भंगाराची वाट दाखवतात, म्हणून आधीच सांगून ठेवते, माझं इंजिन आजही पहिल्या किकला बोलतं. तरी एकदा कबाडीवाल्याच्या हातगाडीवर चढायची पाळी माझ्यावर आली होती. त्यातून मला कोणी आणि कसं वाचवलं, ते ऐका.

कारखान्यात मला घडवणारे हात आता आठवत नाहीत. माझी आठवण सुरू होते ती हिंदी मुलखातल्या भिलाई-३ मधल्या एका अंगणात. श्यामरावांनी मला दुर्गच्या शोरूममधून आणलं आणि त्यांच्या पत्नी रमाबाईंनी माझ्या चाकाखाली लिंबू ठेवलं. मला कान नाहीत, पण ते लिंबू चिरडल्याचा आवाज मी विसरलेले नाही.

श्यामराव मूळचे काटोलकडचे. नोकरी रेल्वेत, रुळांवरच्या विजेच्या तारा सांभाळण्याची. रोज सकाळी मी त्यांना चरोद्याच्या यार्डात घेऊन जायचे. तारेला हात घालण्याआधी तिच्यात उरलेल्या विजेला जमिनीत जायला वाट करून द्यावी लागते. त्यासाठी एक लांब दांडी आधी रुळाला जोडतात आणि मग तारेला अडकवतात. याला त्यांच्या कामात ‘अर्थ लावणे’ म्हणतात; हा ‘अर्थ’ इंग्रजीतला, म्हणजे जमीन. श्यामराव सोबतच्या माणसांना रोज बजावायचे, “आधी अर्थ लावा, मंग हात लावा.” त्यांच्या हाताखालच्या एकाही माणसाला कधी साधा चटका बसला नाही. मला त्यांचा फार अभिमान वाटायचा.

त्यांची मुलगी अनुजा शाळेत हिंदी शिकायची, घरी मराठी शिकवायच्या रमाबाई. एकदा त्यांनी तिला एक कविता दिली आणि म्हणाल्या, “हिचा अर्थ लाव.” पोरगी मुकाट्यानं उठली, पुस्तकाला सुतळी बांधली आणि सुतळीचं दुसरं टोक अंगणातल्या मातीत खोचून आली! ते हसू त्या घराला कितीतरी दिवस पुरलं.

श्यामराव निवृत्त झाले आणि माझी किल्ली अनुजाकडे आली. ती आता रसमड्याच्या एका कारखान्यात विजेच्या देखभालीचं काम करते. तिच्या शिफ्टच्या वेळेला लोकल नाही, त्यामुळे सगळी भिस्त माझ्यावर. हे ओझं मला आवडायचं.

मग आली विश्वकर्मा पूजा. आमच्याकडे त्या दिवशी चाक असलेली, दाते असलेली प्रत्येक वस्तू न्हाऊनमाखून तयार होते. श्यामरावांनी माझा भाग न् भाग सुटा केला आणि एक पट्टीसुद्धा न वगळता लाल रंगाचे दोन-दोन हात दिले. मी अशी चमकत होते की येणारे-जाणारे थांबून बघायचे. कौतुकानं मी अगदी फुगून गेले.

काही दिवसांनी माझा हॉर्न घोगरा झाला. दिवा मिणमिणू लागला. एका संध्याकाळी शिवनाथ नदीच्या पुलावर मी बंदच पडले आणि अनुजाला मला ढकलत न्यावं लागलं. आमचा मेकॅनिक बबलू म्हणाला, “दीदी, बॅटरी बैठ गई.” त्यानं मनापासून नवी बॅटरी टाकली. तीही बसली. मित्रांनो, ती बिचारी उपाशी होती! इंजिनाच्या चुलीवर वीज शिजत होती, पण ताट बॅटरीपर्यंत पोचत नव्हतं. हे मला कळत होतं, सांगता येत नव्हतं.

मी पुन्हा त्याच पुलावर अडकले तेव्हा श्यामरावांचा धीर सुटला.

“हे गाडी पोरीले दगा देऊन राहिली,” ते म्हणाले. “इतवारी कबाडीवाला येते, देऊन टाकतो. अन् अनुजा, तू ते नोकरी सोड. रस्त्यात कुठं काही झालं तं आमी काय करावं?”

“बाबा, गाडी बी नाही सोडत अन् नोकरी बी नाही,” अनुजा म्हणाली. “फक्त इतवारची सकाळ मले द्या.”

रविवारी ती वीज मोजायचा मीटर घेऊन माझ्यापाशी बसली. मीटरच्या दोन सुया बॅटरीला लावल्या. आकडा बाराचा. मला किक मारून रेस दिली. आकडा चौदापर्यंत चढायला हवा होता, तो जागचा हलेना. मग तिनं थेट इंजिनातून येणाऱ्या तारा तपासल्या. तिथं वीज भरपूर होती. म्हणजे चूल पेटलेली आहे, अडलंय ते वाढण्यात. फाटकाशी हातगाडी येऊन उभी राहिली, तरी अनुजानं मान वर केली नाही. ठोकाठोकी नाही, त्रागा नाही. किती हात माझ्या अंगावरून फिरले असतील, पण इतक्या शांतपणे मला कोणी विचारलं नव्हतं.

उरला रेग्युलेटर, म्हणजे बॅटरीला वीज बेतानं वाढणारा डबा. त्याच्या धातूला एक सुई, बॅटरीच्या निगेटिव्हला दुसरी. आकडा शून्यापाशी राहायला हवा होता, तो टुणकन वर गेला. अनुजा थबकली. तिनं वायरचा एक तुकडा घेऊन त्याच दोन जागा जोडल्या. माझा दिवा लख्ख झाला! बॅटरीवर मीटर लावला, तर चौदा.

तिनं रेग्युलेटरचे बोल्ट सोडले. त्याच्यामागे लोखंडाला लोखंड भिडलं की विजेची परतीची वाट पुरी होते. नेमका तिथंच लाल रंगाचा जाड थर होता. अनुजा वडिलांकडे बघत राहिली. एवढ्या मायेनं दिलेला रंग, त्यांना सांगायचं तरी कसं? शेवटी तिनं पॉलिश पेपर पुढे केला. “बाबा, एवढी जागा घासून द्या न.”

श्यामराव चष्मा सावरत वाकले आणि वाकलेलेच राहिले.

“मीच तिचा अर्थ तोडला व,” ते हळूच म्हणाले. “जन्मभर सगळ्याईले सांगत आलो, अन् घरच्याच गाडीले...” 

“तं आता लावा न बाबा,” अनुजा म्हणाली. “मी तं पुस्तकाले लावला होता!”

बापलेक हसत सुटले. लोखंड चकाकेपर्यंत श्यामरावांनी ती जागा स्वतः घासली. कबाडीवाला चहा पिऊन रिकामी गाडी घेऊन गेला आणि सोमवारी मी अनुजाला घेऊन पूल ओलांडला.

यंदाच्या पूजेला श्यामरावांनी मला पुन्हा रंगवलं, पण तेवढी जागा कोरी ठेवली. रमाबाईंनी कौतुकानं कुंकवाचं बोट तिकडे नेलं, तसे ते केवढ्यानं ओरडले, “तिथं नोको! तिथून जेवते ते!”

मित्रांनो, आम्हा यंत्रांना खुशाल धुवा, रंगवा, हार घाला. आम्हाला ते फार आवडतं. पण कधी आम्ही वाटेत थांबलो, तर लगेच चिडू नका आणि कबाडीवाल्यालाही हाक मारू नका. आम्हाला बोलता येत नाही. घोगरा हॉर्न, मिणमिणता दिवा, एवढीच आमची भाषा. आधी तिचा अर्थ लावा, मग हात लावा.